पायांतल्या कळा

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने सख्ख्या भावाला रोमन अक्षरांत पत्रे लिहावीत, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? पण ती मी सात वर्षे बिनदिक्कत केली. भाऊ जर्मनीत, श्टुटगार्टला. आई सांगे, मी तिचे मराठी इंग्रजी लिपीत ठोकून देई आणि ई-मेल निघे. तिकीट नाही, पोस्टमनची वाट पाहणे नाही.

गेल्या पावसाळ्यात आई म्हणाली, ‘लिही, पायांत फार कळा येतात.’ मी लिहिले. उत्तर आले ते पुतणीचे. पोर तिकडेच वाढलेली, भरतनाट्यम शिकणारी. ‘ळ’ तिच्या कानाला ठाऊक आहे. पण ‘के, ए, एल, ए’ या चार अक्षरांत तो तिला दिसावा कसा? तिने वाचले ‘कला’, आणि विचारले, ‘आजी, तू नाच शिकतेस?’

घरात हशा पिकला. आईही हसली. मग गुडघा चोळीत म्हणाली, ‘म्हणजे दुखतंय ते त्यांना कळलंच नाही की रे!’

भावाला फोन केला, तर तो थोरलेपणाने मलाच शिकवू लागला. जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे एव्हाना. त्यातल्या ‘ओ’वर दोन टिंबे दिली की अर्थ होतो सुंदर. टिंबे हाताशी नसली तर ‘ओ’पुढे ‘ई’ लिहावा, हा संकेत तिकडे सर्वांना मान्य. ‘तुमच्या ळला असा संकेत आहे का, प्राध्यापक?’ नाही. ल आणि ळ, ट आणि त, ण आणि न, सारे एकाच पंगतीला. ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ओळखून घ्यावे.

वाचक म्हणतील, फोनवर रोमन लिहिले की आपोआप मराठी उमटते की! उमटते, पण कला, काळा, कळा अशी यादी तो पुढे करतो आणि घाईत बोट भलत्यावर पडते. पूर्वीचा प्रकार तर याहून वाईट. आपण एखाद्या फाँटमध्ये मजकूर पाठवावा आणि तो फाँट पलीकडे नसला की वाचणाऱ्यापुढे नुसता चिन्हांचा कचरा. 1991 साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले; पुढे संगणकांनी ते पाळले, तेव्हा कुठे ‘क’ सर्वत्र ‘क’ राहिला.

म्हणून या वयात मी इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला बसलो. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. रचना मोठी शहाणपणाची. मराठीत जिथे ‘क’, तिथेच गुजरातीत आणि कानडीतही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक शिकवताना वर्गात माझा घसा बसतो. इथे तो एका शिफ्टचा. आणि ‘एन’च्या कळीवर आहे ‘ल’. तीच शिफ्ट धरून दाबली की ‘ळ’! सात वर्षे मी तेवढे दाबले नव्हते.

पंधरा दिवस बोटे अडखळली. मग आईचे पत्र नागरीत गेले. पुतणीला नागरी वाचता येत नाही, हे मी विसरलोच होतो. रविवारी भावाने तिला ते मोठ्याने वाचून दाखवले. मंगळवारी तिचे उत्तर आले. सारे जर्मन, भावाने खाली मराठी केलेले; शेवटची एकच ओळ तिने स्वतः नागरीत जुळवलेली :

‘आजी पाय कशे आहेत’

आईने ती मला दोनदा वाचायला लावली. ‘कशे’ची दुरुस्ती मी केली नाही.