एकामागे एक की शेजारी शेजारी?

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या वार्षिकात संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. ‘हा विषय विज्ञान शाखेकडे सोपवावा’ असे म्हणून कोणी पान उलटीलही. परंतु पडद्यावर उघडणाऱ्या ज्या चौकटींना आपण सरसकट ‘विंडो’ म्हणतो, त्या कशा मांडाव्यात हा प्रश्न यंत्राचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आपल्या अभ्यासाचे स्वरूपच पाहा ना! ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय अभ्यासायला घेतला की समोर ओवी हवी, ती ज्यावर आहे तो गीतेतला श्लोक हवा, शब्दकोश हवा, एखाद्या अभ्यासकाचे विवेचन हवे आणि शेवटी आपली वही हवी. ग्रंथालयातल्या लांब टेबलावर ही पाचही एकदम उघडी ठेवता येतात. मान इकडून तिकडे वळवली की काम भागते. आता यातले बरेचसे पडद्यावर आले आहे, आणि तिथे एक चौकट उघडली की बहुधा तीच सारा पडदा व्यापून बसते. बाकीच्या चार तिच्या पाठीमागे दडतात. कोश पाहायला जावे तर ओवी दिसेनाशी होते. ओवीकडे परतावे तोवर कोशातला तिसरा अर्थ डोक्यातून गेलेला असतो. ‘ऑल्ट’ आणि ‘टॅब’ या दोन कळा दाबून दाबून बोटे थकतात. थकलेली बोटे मग सबंध परिच्छेदच उचलतात आणि आपल्या निबंधात आणून ठेवतात.

‘कॉपी-पेस्ट’वर आपले प्राध्यापक रागावतात. तो राग रास्तच आहे. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून देणाऱ्याची वकिली मला करायची नाही. मात्र ज्या मांडणीत एका वेळी एकच मजकूर दिसतो, तिच्यात उचलून नेणे सोपे आणि तुलना करणे अवघड असते, एवढे तरी मान्य व्हावे. दोन मजकूर एकदम डोळ्यांसमोर असले तर त्यांच्यातला फरक दिसतो, आणि फरक दिसला की स्वतःचे असे एखादे वाक्य सुचण्याची निदान शक्यता निर्माण होते.

ही एकामागे एक मांडणी काही आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, साधारण कागदाच्या आकाराचा होता. अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ या प्रणालीत एकमेकींवर चढणाऱ्या चौकटी आणल्या. टेबलावर कागदांची चळत असावी आणि हवा तो कागद वर ओढावा, अशी ती कल्पना. लहान जागेत पुष्कळ मावावे म्हणून ती सोयीची होती, यात शंका नाही. गंमत अशी की त्याच कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा कचेऱ्यांसाठीचा संगणक काढला, तेव्हा त्यात चौकटी फरशांसारख्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टचे पहिले ‘विंडोज’ नोव्हेंबर १९८५ मध्ये आले. त्यातही चौकटी एकमेकींवर चढत नसत. डिसेंबर १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या चढू लागल्या, आणि १९८८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने पडद्याच्या या एकंदर रूपावरून मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. १९९४ मध्ये अपिलातही निकाल अ‍ॅपलच्या विरुद्ध गेला. चौकटीची मालकी कोणाची यावर एवढा खल झाला. चौकटीत वाचणाऱ्याची सोय कशात, हे मात्र कोणी कोर्टात विचारले नाही.

विचारणारे अगदीच नव्हते असे नाही. सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दोन्ही मांडण्यांची तुलना करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या कामात चौकटी फारशा हलवाव्या लागत नाहीत तिथे शेजारची मांडणी सरस ठरली; जिथे पुष्कळ हलवाहलव करावी लागते तिथे चढत्या चौकटी बऱ्या ठरल्या, पण त्याही हात बसलेल्या माणसांच्या बाबतीत. म्हणजे सर्वांना एकच मांडणी लागू पडत नाही. हिशेबनिसाचे काम वेगळे, चित्रकाराचे वेगळे, आपले वेगळे.

आणि आपल्या कामाचा अनुभव तर आपल्या परंपरेत भरपूर आहे. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ‘त्रिपाठ’ नावाची मांडणी आढळते. पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत मूळ आणि त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत टीका. ‘पंचपाठ’ पोथीत तर टीका डाव्या-उजव्या समासातही उतरते. वाचणाऱ्याला पान उलटावे न लागता मूळ आणि टीका एकत्र दिसावी, एवढाच त्यातला हेतू. कागद महाग आणि लेखणी बोरूची असतानाही लेखनिकांनी हा खटाटोप केला, याचा आपण विचार केला पाहिजे.

याहून मोठे उदाहरण पुण्यातले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ती कशी सिद्ध झाली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. डॉ. वि. सी. सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले. त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पाठ ताडून पाहण्याची रीत दिली आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर प्रचलित पाठाचा श्लोक वर ठळक अक्षरांत लिहायचा. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक आडवी ओळ. ज्या अक्षराशी पाठभेद असेल, त्या अक्षराच्या बरोबर खाली, त्याच रकान्यात तो नोंदवायचा. निरनिराळ्या लिप्यांतल्या, निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या अशा रीतीने एका कागदावर एकमेकींखाली आल्या. संपादकाची नजर वरून खाली गेली की कोणती पोथी कोणत्या पोथीच्या वळणाची, हे उमगू लागे. त्या पोथ्या एकामागे एक रचून, एकेक वर ओढून पाहिल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. विद्वत्ता अर्थातच संपादकांची होती. पण त्या विद्वत्तेला काम करता यावे म्हणून कोणीतरी आधी कागदावर रेघा आखल्या होत्या.

आज पडद्यावर तशा रेघा आखून देणारी लहानशी साधने उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉइज’ या फुकट मिळणाऱ्या संचातले ‘फॅन्सीझोन्स’ हे त्यांपैकी एक. पडद्याचे हवे तसे भाग पाडून ठेवायचे. मग ‘शिफ्ट’ची कळ दाबून चौकट ओढत नेली की ती त्या भागात नेमकी बसते. मी डावीकडे रुंद भागात ओवी ठेवतो, उजवीकडे वर कोश आणि खाली टिपण. पंचपाठ नसला तरी त्रिपाठ झाला! हेही नको असेल तर २००९ च्या ‘विंडोज ७’पासून विंडोजच्या चिन्हाची कळ आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबला की चौकट अर्ध्या पडद्यावर जाऊन बसते. याला काही बसवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत. तरीही आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांना ही युक्ती ठाऊक नव्हती.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे. ‘एका वेळी एकच वाचावे, त्यानेच एकाग्रता साधते.’ कादंबरी वाचताना हे सोळा आणे खरे आहे, आणि कविता वाचताना तर पडदाच बंद करावा. पण तुलनात्मक वाचनातली एकाग्रता दोन गोष्टींमधल्या अंतरावर असते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मुले चौकटी मांडण्यातच दुपार घालवतील. अशी मुले आहेत. रंगीत शाईने मथळे रेखण्यात वही संपवणारी मुलेही आहेत. म्हणून वहीवर कोणी बंदी घातल्याचे ऐकिवात नाही. तिसरी अडचण मात्र खरी आहे. बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे फोनच आहे. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून पडदा दुभागता येतो, पण तळहाताएवढ्या जागेत दोन मजकूर म्हणजे एका बाकावर सहा जण. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी कॉलेजची संगणक खोली हेच एकमेव लांब टेबल आहे.

त्या खोलीत आज विद्यार्थ्याला काहीही बसवता येत नाही आणि केलेली मांडणी संगणक बंद होताच पुसली जाते. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक असेल. तरीही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चार संगणकांवर असे एखादे साधन कायमचे बसवून ठेवण्यात कोणाचे नुकसान आहे? प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देतात, त्याच तासात दहा मिनिटे काढून बाणाच्या कळांची युक्तीही दाखवता येईल. आणि पुढच्या खरेदीच्या वेळी दोन संगणक कमी घेऊन त्या पैशांत थोडे रुंद पडदे आणावेत, अशी आमच्या वर्गाची विनंती आहे. तसा अर्ज आम्ही ग्रंथपालांच्या शिफारशीसह येत्या सत्रात देणार आहोत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मराठी विभागात यावे.