तुरुंगाची भाकरी आणि दारिद्र्याची रेषा

दरवर्षी पावसाळ्यात, प्रवेशाची धांदल ओसरली की, आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज येऊ लागतात. मराठी शिकवणाऱ्यांना इतर कामे कमी असतात असा एक समज असल्यामुळे छाननीचे काम बहुधा आमच्याच वाट्याला येते. अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतो. त्यावरचा आकडा मर्यादेच्या आत असला की बरोबरची खूण करायची, बाहेर असला की फुली. काही वर्षांपूर्वी घोडपदेवकडच्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्यावरचा आकडा मर्यादेपेक्षा काही शे रुपयांनी अधिक निघाला. वडिलांना आदल्या वर्षी दिवाळीचा बोनस मिळाला होता, तो हिशेबात आला होता. अर्ज बाद झाला. ती शांतपणे म्हणाली, "सर, मागच्या वर्षी आम्ही गरीब होतो आणि या वर्षी नाही, असं कसं? घरात तर काहीच बदललेलं नाही."

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही. आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नव्हे. परंतु शब्दांशी आमचा रोजचा व्यवहार आहे, आणि 'दारिद्र्यरेषा' हा गेल्या अर्धशतकातला एक अत्यंत प्रभावी मराठी शब्द आहे. चणचण, ओढाताण, तंगी, हलाखी, दैन्य, कंगाली अशा कितीतरी पायऱ्या आपल्या भाषेने बारकाईने वेगळ्या केल्या. रेषेने त्या साऱ्या पुसून दोनच बाजू ठेवल्या: खाली आणि वर. ही रेषा कोणी, कशी ओढली आणि काळाच्या ओघात ती कशी सरकवली गेली, हे पाहिल्याशिवाय 'गरिबी इतक्या टक्क्यांनी घटली' या वाक्याला अर्थ येत नाही, असे आमचे मत आहे.

या मोजणीची सुरुवात मुंबईकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे भारताच्या दारिद्र्याविषयीचा आपला निबंध वाचला. सरकारच्याच आकड्यांवरून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न काढले, ते वीस रुपयांच्या आसपास भरले. पण वीस रुपये म्हणजे पुरेसे की अपुरे? तुलनेसाठी दादाभाईंनी जे माप घेतले ते विलक्षण होते. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते, तो आकडा त्यांनी शेजारी ठेवला. गुन्हेगाराला जेवढे मिळते तेवढे देण्याइतकेही या देशात पिकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. भायखळ्याचा तुरुंग आमच्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या भिंतीवरून जाताना दादाभाईंच्या त्या मापाची आठवण होते.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ येथील गिरण्यांत राबणाऱ्या माणसाचे ताट त्यात तोलले गेले. दुष्काळी कामांसाठीच्या नियमावलीत धान्याचे जे कमाल प्रमाण होते तेवढे धान्य त्याला मिळत होते, परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जो आहार ठरवून दिला होता त्याहून ते ताट कमी होते. जगाला कापड पुरवणाऱ्या शहरातला कामगार कैद्याहून कमी जेवतो, हे परकीय सरकारच्याच कार्यालयाने छापून ठेवले. आकड्यात एवढे धैर्य असू शकते, हे आज आवर्जून सांगावेसे वाटते.

मात्र एकदाच मोजणे निराळे आणि काळानुरूप मोजत राहणे निराळे. या दुसऱ्या कामातली अडचण इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. सीबोम राऊंट्री यांनी तेथे १८९९, १९३६ आणि १९५० अशा तीन पाहण्या केल्या. पहिल्या वेळची त्यांची रेषा कमालीची कठोर होती. शरीर टिकेल एवढे अन्न, वस्त्र आणि निवारा. वर्तमानपत्र नाही, टपालाचे तिकीट नाही, मुलांना खाऊ नाही. त्या रेषेखाली तेथील कामगारवर्गापैकी १५.४६ टक्के लोक होते. १९३६ मध्ये हीच रेषा लावली तेव्हा प्रमाण ६.८ टक्क्यांवर आले होते. पण राऊंट्री तेवढ्यावर थांबले नाहीत. मधल्या काळात माणसाच्या किमान गरजांची कल्पनाच बदलली हे ओळखून त्यांनी वर्तमानपत्र, रेडिओ, टपालखर्च धरून नवी रेषा आखली. तिच्याखाली ३१.१ टक्के कामगार निघाले. एकच शहर, एकच वर्ष आणि दोन उत्तरे. दोन्ही खरी. पहिले उत्तर सांगते की उपासमार घटली. दुसरे सांगते की त्या काळच्या माणसासारखे जगणे अजून अनेकांच्या हाती नव्हते. राऊंट्री यांचा मोठेपणा आम्हांला यात दिसतो की त्यांनी दोन्ही मापे उघड ठेवली.

युरोपातील श्रीमंत देशांनी पुढे सापेक्ष माप स्वीकारले. देशातल्या अगदी मधल्या माणसाचे जे उत्पन्न, त्याच्या साठ टक्क्यांहून कमी मिळवणारा तो दारिद्र्याच्या धोक्यात. या मापालाही खोड आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडची भरभराट झाली. लोकांची प्रत्यक्ष वंचना कमी झाली, तरी सापेक्ष दारिद्र्य वाढले, कारण मधला माणूसच वेगाने पुढे गेला. उलट ब्रिटनमध्ये २०१०-११ मध्ये मधल्या माणसाची मिळकत घसरली आणि सापेक्ष दारिद्र्य कागदावर घटले. गरिबाच्या ताटात काही न पडताही गरिबी कमी होऊ शकते ती अशी.

आपल्याकडे हा वाद पुण्यात रंगला, आणि तो दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांचा वाद होता याचे भान आपण ठेवायला हवे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथ १९७१ मध्ये आला. दिवसाला २२५० उष्मांक देईल असा आहार परवडण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत होते. तेवढेही नसलेले लोक खेड्यांत सुमारे चाळीस टक्के, तर शहरांत सुमारे पन्नास टक्के. शहरातली गरिबी ही खेड्यातल्या गरिबीचीच सांडलेली धार आहे, असा त्यांचा आशय होता. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. माणसाची अन्नाची गरज स्थिर नसते, शरीर कमी-अधिक आहाराशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेहून थोडे कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शास्त्र म्हणून हा वाद मोलाचा होता. परंतु शरीर कमी अन्नावर भागवते याचा अर्थ त्याने भागवावे असा होत नाही. जुळवून घेण्याचीही किंमत असते, आणि ती दाखल्यावर लिहिली जात नाही.

रेषा वाढत्या महागाईबरोबर वर न्यायची तर महागाईचे माप खरे हवे. याचाही धडा मुंबईने घेतला आहे. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकाला बांधला होता त्याचे पायाभूत वर्ष १९३३-३४ होते. तीस वर्षे उलटली तरी जुन्याच कुटुंबाच्या जुन्याच खरेदीवर महागाई मोजली जात होती. निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवतो, अशी तक्रार घेऊन १९६३ मध्ये कामगार संघटना उठल्या. राज्य सरकारने डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि कामगारांचे म्हणणे खरे ठरले. हेच लकडावाला पुढे देशाच्या दारिद्र्यरेषेसाठी नेमलेल्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष झाले. त्या गटाचा अहवाल १९९३ चा.

त्यानंतरचा इतिहास वाचकांना ठाऊक असेल. १९९९-२००० च्या पाहणीत 'गेल्या तीस दिवसांत काय खाल्ले' या प्रश्नाशेजारी 'गेल्या सात दिवसांत' हा प्रश्न जोडला गेला, उत्तरे एकमेकांत मिसळली, आणि १९९३-९४ चे ३६ टक्के एकदम २६ वर आले. ही घट किती खरी यावर पुढे वर्षानुवर्षे तज्ज्ञ भांडत राहिले. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये रेषा वर नेली. २०११-१२ साठी तिच्या रीतीने महाराष्ट्राच्या नागरी भागाची रेषा माणशी महिना ११२६ रुपये झाली, म्हणजे दिवसाला सदतीस-अडतीस रुपये. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ती आणखी वर सुचवली आणि त्याच २०११-१२ वर्षाची देशातली गरिबी २१.९ ऐवजी २९.५ टक्के ठरली. २०१७-१८ ची खर्चाची पाहणी सरकारने २०१९ मध्ये रोखून धरली. २०२२-२३ ची पाहणी नव्या पद्धतीने झाली, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तिची थेट तुलना करणे अवघड. तरीही २०२५ मध्ये जागतिक बँकेने तिच्या आधारे सांगितले की अतिदारिद्र्य २७.१ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. ते घटले असेलच. आमच्या डोळ्यांनाही तसे दिसते. अनवाणी येणारा विद्यार्थी आता दिसत नाही. प्रश्न घटले की नाही हा नाही. जिच्यावरून ही घट मोजली ती फूटपट्टी मध्येच बदलली, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा किती मथळ्यांत होता, हा आहे.

आमचा दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे. राष्ट्रीय पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. या व्याख्येत गिरणगाव कधी बसलेच नाही. कोकणातून, साताऱ्याहून आलेले पुरुष एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि महिनाअखेरीस मनीऑर्डर करत. मुंबईतला तो एकटा माणूस आणि गावाकडची बायकापोरे ही पाहणीच्या लेखी निरनिराळी घरे. इथे तो रेषेच्या वर, तिथे ती खाली, पण दुःख एकच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा या दोन्ही चुली एकदम विझल्या. आणि जागेचे काय? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, त्या कोंडमाऱ्याचा उष्मांक कोणी काढावा? आज त्याच खोलीच्या जागेवर बुरूज उभे आहेत. शेजारी चाळ तशीच आहे. तिच्यातल्या माणसाचा खर्च वाढलेला दिसतो, कारण शिकवणी, मोबाईल आणि लोकलचा पास ही आता चैन उरलेली नाही. वाढलेला खर्च हा वाढलेल्या सुखाचा पुरावा मानायचा की वाढलेल्या गरजेचा?

रेषा टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. मोजलेच नाही तर गरीब दिसणारच नाहीत, आणि न दिसणाऱ्यांसाठी कोणी योजना आखत नाही. आमची मागणी साधी आहे. राऊंट्री यांच्याप्रमाणे दोन मापे शेजारी शेजारी छापावीत: एक न हलणारे, ज्यावरून काल आणि आज यांची तुलना होईल, दुसरे काळाबरोबर चालणारे, ज्यावरून आजच्या समाजात माणसासारखे जगायला काय लागते ते कळेल. माप बदलले तर ते ठळकपणे सांगावे. आणि जेथे रेषेवर माणसाचा हक्क अवलंबून आहे तेथे ती किमान महागाईबरोबर तरी चालावी. १९९९ मध्ये महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आल्या तेव्हा पिवळ्या पत्रिकेसाठी शहरी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा पंधरा हजार होती. अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबांसाठी ती ५९ हजार ठरली. महिन्याला पाच हजारही नाहीत. भायखळ्याच्या मंडईत पिशवी घेऊन उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे, या आकड्यात खरे उत्पन्न सांगून कोण बसेल? अवास्तव रेषा गरिबालाच खोटे बोलायला लावते, आणि मग त्याच खोट्यावरून आपण त्याला नावे ठेवतो.

त्या विद्यार्थिनीचे वडील खरे बोलले होते. बोनस लपवला असता तर अर्ज मंजूर झाला असता. आम्ही तिच्या अर्जासोबत एक टिपण लिहून वर पाठवले. ते तसेच परत आले. फी आम्ही काही जणांनी मिळून भरली आणि ती पुढे पदवीधर झाली. पण वर्गणीने भागते ते एका मुलीचे. त्या वर्षीच्या आकडेवारीत तिचे घर गरिबीतून बाहेर पडलेल्या घरांत जमा झाले असेल, ही गोष्ट मात्र आमच्या मनातून अजून जात नाही.