‘उपयोग काय?’

‘शिकून उपयोग काय?’ हा प्रश्न आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना घरीदारी ऐकावा लागतो. वाईट याचे वाटते, की विज्ञानाविषयी बोलताना आपणही तोच विचारतो.

दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारी आपण पाहिली आहे. पाहिली कसली! भिंतीला हात लागतो, पायरीला पाय ठेचकाळतो, त्यावरून वाट कळते. पायॉन नावाच्या सूक्ष्म कणांचे असेच आहे. १९४७ साली शोध लागलेले हे मेसॉन कुळातील कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, त्यावरून त्यांच्यातील बल कळते. अडचण एवढीच, की सेकंदाचे चार कोटी भाग केले तर विद्युत्भारित पायॉन जेमतेम एक भाग जगतो. त्याला समोर ठेवून दुसरा आदळावा कसा?

१९७१ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय यांनी या विखुरण्याची समीकरणे मांडली. आधार मोजक्या तत्त्वांचा : कारणाआधी कार्य घडत नाही, सर्व संभाव्यतांची बेरीज एकच भरते, अशा तत्त्वांचा. सुमारे तीस वर्षांनी बंगळूरचे बी. अनंतनारायण आणि त्यांचे युरोपीय सहकारी यांनी त्यांतून नेमके आकडे काढले. पुढे जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधील मोजमापे त्यांच्याशी जुळली.

मित्रहो, यादवांची देवगिरी तरी आम्ही इतिहासवाल्यांनी कुठे पाहिली आहे? ताम्रपट आणि शिलालेख यांची संगती लावूनच ती उभी करायची. म्हणून ‘तो आपला विषय नव्हे’ असे म्हणून विज्ञानाच्या कपाटाकडे पाठ फिरवू नये. ‘उपयोग काय?’ याआधी ‘हे कळले कसे?’ एवढे विचारावे.