बेटावर जाण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आपल्या मुलासह दवाखान्यात आले. वय शहात्तर. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. टेबलावर औषधांची पिशवी ठेवून म्हणाले, "डॉक्टर, जानेवारीअखेरीस पुन्हा अंदमानला निघालो आहे. या वेळी ती कोठडी पाहिल्याशिवाय परतायचे नाही."

'पुन्हा' या शब्दाने मी थोडा वरमलो. त्याचे कारण सांगितल्याखेरीज या लेखाला आरंभ करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन वर्षांपूर्वी ते प्रथम निघाले, तेव्हा त्यांच्या मुलाने मला दूरध्वनीवर विचारले होते, "बाबांना बोट लागते, काही गोळी सांगता का?" मी प्रोमेथाझिनची गोळी सांगितली आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. गुरुजींची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. स्वराज द्वीपाकडे जाताना एक आणि परतताना एक, अशा दोन गोळ्या झाल्या आणि त्या रात्री त्यांची लघवी अडली. तेथील डॉक्टरांनी तत्परतेने नळी घालून त्यांना मोकळे केले. परंतु सहलीचे उरलेले दोन दिवस त्यांनी खोलीतच काढले. सेल्युलर जेल त्यांनी केवळ बाहेरून, गाडीतून पाहिले. चूक माझी होती.

म्हणून पहिला मुद्दा या गोळ्यांचाच. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. वृद्धांत त्यांनी तोल जाणे, क्वचित भ्रम होणे, लघवी अडणे असे प्रकार घडतात. प्रोस्टेट वाढलेले असेल, काचबिंदू असेल किंवा विसरभोळेपणाचा आजार असेल, तर अशी गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका आणि सहप्रवाशाने प्रेमाने दिलेलीही घेऊ नका. बोटीवर मध्यभागी व खालच्या बाजूस बसावे, तेथे हेलकावे कमी जाणवतात. दृष्टी दूर क्षितिजावर ठेवावी. वाचन करू नये आणि मोबाईलकडे पाहू नये. निघण्यापूर्वी हलके खावे, मात्र उपाशी राहू नये. आल्याचा लहान तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. आलेपाक मधुमेहींसाठी नव्हे.

आता पिशवीकडे वळू. गुरुजींच्या मुलाने सर्व गोळ्या वेष्टनातून काढून आठवड्याच्या डबीत नीट भरून आणल्या होत्या. घरी ही पद्धत उत्तम, बेटावर नाही. तेथील हवा इतकी दमट असते की उघड्या गोळ्या ओल धरतात, मऊ पडतात. शिवाय अडचणीच्या वेळी परक्या डॉक्टरला त्या बिननावाच्या पांढऱ्या गोळ्यांवरून काहीही उमगत नाही. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. जितके दिवसांची सहल, त्याहून पाच-सहा दिवसांचा साठा अधिक घ्या, कारण हवामान बिघडले की बोटी रद्द होतात आणि मुक्काम लांबतो. या साठ्याचे दोन भाग करून दोघांच्या हातातील पिशव्यांत ठेवा. विमानात सामानाच्या कक्षात जाणाऱ्या बॅगेत औषधे कधीही देऊ नयेत. रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी प्रत्येक वेळी घट्ट लावा. ओल लागलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते, आणि चुकीच्या आकड्यावर घेतलेले इन्सुलिन घातक ठरते.

इन्सुलिनविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण याबाबत मला सर्वाधिक विचारणा होते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुधा तीस अंशांखाली सुमारे चार आठवडे चांगले राहते. नेमकी मुदत खोक्यातील पत्रकावर पाहावी. न उघडलेले इन्सुलिन थंड ठेवावे, पण गोठू देऊ नये. आपल्याकडे मातीच्या मडक्यात ओल्या वाळूवर कुपी ठेवण्याची युक्ती आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती छान चालते. बेटावर मात्र हवेतच पाणी भरलेले असल्याने मडक्याचे पाणी सुकत नाही, आणि सुकले नाही तर मडके गारही होत नाही. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्यांचेही तेच. त्यापेक्षा रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा, त्यात थंड पाण्याची बंद बाटली ठेवावी आणि कुपी रुमालात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवावी. बर्फाला थेट चिकटवू नये. आणखी एक दक्षता घ्यावी. जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच टोचावे. "बोट दहा मिनिटांत पोहोचेल, तिकडे जेवू" या भरवशावर टोचलेली सुई मी एकाहून अधिक घरांत महाग पडलेली पाहिली आहे.

प्रवासात वृद्ध माणसे, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणे बंद करतात. स्वच्छतागृहाची धास्ती हे त्यामागचे कारण, आणि ती खोटी नाही. पण दमट उष्म्यात घाम वाहत असतो, वयानुसार तहानेची जाणीव मंदावलेली असते आणि त्यात रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असते. मग धक्क्यावर उभे असताना एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येते. सांभाळणाऱ्यांनी "पाणी हवे का?" असे विचारू नये, पेला हातात द्यावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर मीठ-साखरेचे पाणी व ओआरएस किती चालेल हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. लघवीची गोळी परस्पर बंद करू नये. लांबच्या फेरीच्या दिवशी ती परतल्यानंतर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांविषयी माझे मत स्पष्ट आहे. भल्या पहाटे निघून गाड्यांच्या ताफ्याबरोबर जारवा आदिवासींच्या राखीव वनातून जावे लागते, आणि तेथे मध्ये थांबता येत नाही. पुढे होडी, त्यानंतर पायवाट. गुडघे, मूत्राशय किंवा हृदय यांपैकी एकाचीही तक्रार असलेल्यांनी तो दिवस खुशाल हॉटेलच्या ओसरीत घालवावा. काही बिघडत नाही.

पायांची काळजी मात्र सर्वांनीच घ्यावी. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना तापलेली वाळू कळत नाही आणि प्रवाळाने कापलेलेही कळत नाही. मागे पट्टा असलेली, तळवा न घसरणारी पादत्राणे पाण्यातही काढू नयेत आणि रात्री तळवे उजेडात तपासावेत. नव्या चपला तेथे प्रथमच घालू नयेत. अंदमान बरेच पूर्वेला असल्याने जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. आपल्या घड्याळाच्या सवयीने फिरायला निघालेला माणूस परतताना अंधारात सापडतो, म्हणून खिशात लहान विजेरी असावी. डास दूर ठेवणारे मलम आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घ्यावेत. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना बेटावर गेल्याचे आवर्जून सांगावे.

आजार, औषधे व त्यांचे प्रमाण, कशाची ॲलर्जी आहे आणि नातलगांचे क्रमांक हे सारे एका कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या पाकिटात, रुग्णाच्या अंगावरच्या खिशात ठेवावा. मोबाईलवर विसंबू नये. लहान बेटांवर संपर्क केव्हा तुटेल याचा नेम नसतो. तेथे प्राथमिक उपचार मिळतात. मोठे सरकारी रुग्णालय श्री विजयपुरम् येथे, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलच्याच परिसरात आहे.

त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. गुरुजींना मी सांगितले, सकाळी ऊन चढण्यापूर्वी जा, कठड्याला धरून चढा, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे बसा, छातीत भरून आले तर तेथूनच परता. या वेळी बोटीसाठी गुंगीची गोळी नाही. प्रोस्टेटची गोळी चुकवायची नाही.

मी लिहून दिलेला कागद त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, खिशातून पेन काढले, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.