पुढे काय झाले?

रुग्णालयातून घरी सोडताना हातात एक कागद दिला जातो. दाखल केव्हा झाले, आजार कोणता, शस्त्रक्रिया कोणती, सोडतानाची प्रकृती कशी, हे सारे त्यावर असते. ‘प्रकृती सुधारली’ हे दोन शब्द बहुधा अखेरीस येतात. घरची माणसे ते वाचून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फाईल कपाटात जाते. त्यानंतर वर्षभराने तो माणूस शेतावर जाऊ लागला की अंथरुणाला खिळला, दुखणे कायमचे गेले की उलटले, हे त्या रुग्णालयाला ठाऊक असते काय? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका शल्यचिकित्सकाने हा प्रश्न विचारला. साधाच प्रश्न, पण त्यापायी त्यांना पद, अध्यापन आणि मित्र हे सारे गमवावे लागले.

अर्नेस्ट अमोरी कॉडमन हे त्यांचे नाव. १८६९ साली बॉस्टनच्या एका प्रतिष्ठित घराण्यात जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या नामांकित संस्थेत शल्यचिकित्सक, असा सरळ चढत गेलेला मार्ग होता. नोंदी ठेवण्याची ओढ मात्र विद्यार्थिदशेतच लागलेली दिसते. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याचे काम वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच सोपविले जाई. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झालेले हार्वे कुशिंग हे कॉडमन यांचे वर्गमित्र. कुशिंग ईथर देत असताना एक रुग्ण दगावला आणि तो आघात त्यांच्या मनातून जाईना. तेव्हा या दोघा मित्रांनी पैज लावली: ईथर देण्यात ज्याची कामगिरी अधिक चांगली ठरेल त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचे. पैज ठरवायची तर पुरावा हवा. म्हणून १८९४ च्या सुमारास दोघे शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर मांडू लागले. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतो, त्याचा उगम या विद्यार्थ्यांच्या पैजेत आहे.

१९१० साली लंडनमध्ये, एका क्षयरोग आरोग्यधामाला भेट देऊन परतताना, घोडागाडीत कॉडमन यांनी आपली कल्पना फिलाडेल्फियाच्या एडवर्ड मार्टिन या शल्यचिकित्सकांना सांगितली. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड असावे. त्यावर रुग्ण कोणत्या तक्रारीने आला, निदान काय केले, उपचार कोणते ठरविले, गुंतागुंत कोणती झाली, हे लिहावे. आणि मग दरवर्षी त्या रुग्णाचा शोध घेऊन पुढे काय झाले तेही त्याच कार्डावर नोंदवावे. परिणाम अपेक्षेप्रमाणे आला नसेल तर का, याचे उत्तर शोधावे. अंतिम परिणामाची पद्धत, असे त्यांनी तिला नाव दिले.

व्यापारी घराण्यांत वाढलेल्या वाचकांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. रोजकीर्द लिहायची, खतावणी करायची आणि वर्षअखेर ताळेबंद काढून नफातोटा पाहायचा, यावाचून कोणती पेढी चालेल? नुसती आवक लिहून ठेवली आणि माल विकला गेला की परत आला ते पाहिलेच नाही, अशा वहीला कोणी वही म्हणणार नाही. कॉडमन यांचेही म्हणणे हेच होते: कारखाने आपल्या मालाचा हिशेब ठेवतात, मग रुग्णालयांनी आपल्या कामाचा का ठेवू नये? फरक इतकाच की इथे तोट्याच्या बाजूला माणसे होती, आणि ती कुणाच्या हातून गेली हे लिहिण्याची तयारी फारच थोड्यांची होती.

त्यांच्या रुग्णालयात बढती ज्येष्ठतेनुसार मिळे. कुणाचे रुग्ण बरे होतात आणि कुणाचे होत नाहीत, याचा तिथे काही संबंध नसे. १९१४ साली या प्रथेच्या निषेधार्थ कॉडमन यांनी राजीनामा दिला. राजीनामा मंजूर होताच त्यांनी मुख्य शल्यचिकित्सकाच्या पदासाठी अर्ज केला आणि त्यात कारण दिले, की गेल्या दहा वर्षांत आपल्या रुग्णांचे परिणाम इतरांहून चांगले आहेत. ज्याला ते खोटे वाटत असेल त्याने आपली कार्डे दाखवावीत, असा त्याचा सरळ अर्थ होता. कार्डे कुणापाशीच नव्हती, आणि पदही मिळाले नाही.

इथपर्यंत न्याय त्यांच्या बाजूला होता. पुढच्या जानेवारीत त्यांनी जे केले ते मात्र त्यांच्या चाहत्यांनाही समर्थनीय वाटणे कठीण. स्थानिक वैद्यकीय संस्थेच्या शल्यशाखेचे ते अध्यक्ष होते. ६ जानेवारी १९१५ रोजी त्यांनी रुग्णालयांच्या कार्यक्षमतेवर सभा बोलावली, शहराच्या महापौरांनाही निमंत्रण दिले, आणि सभेच्या अखेरीस एका प्रचंड व्यंगचित्रावरचा पडदा दूर केला. चित्रात बॉस्टनच्या धनिक वस्तीचे प्रतीक म्हणून एक शहामृग वाळूत डोके खुपसून उभे होते आणि मागच्या मागे डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडीत होते. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्षही चित्रातून सुटले नव्हते. सभागृहात गदारोळ झाला. अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधले अध्यापनाचे काम गेले, आणि कालपर्यंत सल्ला विचारणारे सहकारी रस्त्यात तोंड फिरवू लागले. ज्यांना आपली वही उघडायला लावायची, त्यांचीच भर सभेत टर उडविली तर वही अधिकच घट्ट मिटणार, हे त्या बुद्धिमान माणसाला कळले नसेल असे वाटत नाही. कळूनही आवरले नाही, असेच म्हणावे लागेल.

पद गेल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? बहुतेकदा जे आधी करीत होता तेच लहान प्रमाणावर करून पाहतो. कॉडमन यांचे बीकन हिल भागात स्वतःचे छोटेसे रुग्णालय १९११ पासून होते. आता तेवढेच उरले. तिथे ते आपली पद्धत अक्षरशः पाळीत. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले, आणि त्या रुग्णांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. ज्ञान कमी पडले, कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, निदान चुकले, काळजी घेतली नाही अशी त्यांनी चुकांची वर्गवारीच केली होती. पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेत स्वतःच्या हातून घोडचूक झाली, ती त्या वेळी ध्यानातही आली नाही आणि रुग्ण गेला, हेही त्यांनी दडविले नाही. हा अहवाल त्यांनी देशभरच्या रुग्णालयांना पाठविला. इतरांनीही आपले अहवाल काढावेत अशी त्यांची अपेक्षा होती. ती जवळजवळ कुणीच पुरी केली नाही. आपल्या चुका छापणाऱ्या डॉक्टरकडे कोण जाणार? रुग्ण कमी होत गेले, पैसा आटला आणि रुग्णालय बंद पडले. १९१७ च्या डिसेंबरात कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला तेव्हा ते मदतीला धावून गेले. नंतर काही काळ त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काढला. परतले तेव्हा डोक्यावर कर्ज होते आणि वय पन्नाशीला टेकले होते.

खरे काम इथून सुरू झाले, आणि ते त्यांनी शोधलेले नव्हते. १९२० साली हाडाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका रुग्णाच्या सधन कुटुंबाने त्यांना विचारले, की या रोगातून बरे झालेले कुणी आहे काय? असल्यास कोणत्या उपचाराने? त्या शोधासाठी त्यांनी पैसेही देऊ केले. कॉडमन यांनी पाहिले तर उत्तर कुणापाशीच नव्हते. हाडाचा सार्कोमा हा विरळा रोग. एकेका शल्यचिकित्सकाला साऱ्या आयुष्यात त्याचे मोजकेच रुग्ण भेटायचे. ‘पुढे काय झाले’ हे कुणी पाहिलेले नव्हते, आणि पाहिले असते तरी दोन-चार रुग्णांवरून निष्कर्ष निघणार नव्हता. सर्वांच्या नोंदी एकत्र आणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मग हा पदच्युत शल्यचिकित्सक टेबलाशी बसून पत्रे लिहू लागला. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या सदस्यांना विनंती गेली: आपल्याकडील प्रत्येक रुग्णाची हकिकत, क्ष-किरण चित्र आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची काचपट्टी पाठवावी, रुग्ण आज जिवंत आहे का, तेही कळवावे. ज्या व्यवसायाने त्यांना बाहेर काढले होते, त्याच व्यवसायाच्या दाराशी ते पुन्हा उभे राहिले, पण या वेळी व्यंगचित्र न घेता. हे महत्त्वाचे आहे. मागणी तीच होती. तिचा सूर तेवढा बदलला होता, आणि उत्तरे येऊ लागली.

जमलेल्या नोंदींतून पहिली गोष्ट निघाली ती उपचारांविषयीची नव्हे, नावांविषयीची. एकाच गाठीला एका ठिकाणी एक नाव, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. बरे झाले म्हणून कळविलेल्या कित्येकांच्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या तर तो मुळात सार्कोमाच नव्हता असे आढळे. म्हणजे कुणाचा पाय विनाकारण कापला गेला होता, तर कुठे निरुपयोगी उपचाराला यशाचे श्रेय मिळाले होते. जेम्स युइंग आणि जोसेफ ब्लडगुड या तज्ज्ञांसह कॉडमन यांनी एकेक प्रकरण तपासून नावे निश्चित केली आणि १९२५ साली त्या परिभाषेवर पुस्तक काढले. कर्करोगाच्या नोंदणीपटाची अमेरिकेतील सुरुवात ती हीच. हाडावरचा पडदा गाठीमुळे उचलला गेला की क्ष-किरण चित्रात एक त्रिकोणी आकृती दिसते; वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही ‘कॉडमनचा त्रिकोण’ म्हणून शिकतात. रुग्णालयांतील कोडिंग करणारी तरुण मुले-मुली हातापायांच्या हाडांच्या कर्करोगापुढे ‘सी ४०’ असा आंतरराष्ट्रीय संकेत टंकतात, तेव्हा एका रोगाला जगभर एकच नाव असावे या जुन्या आग्रहाचेच ते पालन असते.

रुग्णालयांच्या नोंदींचा प्रश्नही दरम्यान मार्गी लागत होता, पण कॉडमन यांच्याशिवाय. त्यांच्याच आग्रहातून सुरू झालेल्या प्रमाणीकरणाच्या कामात कॉलेज ऑफ सर्जन्सने १०० वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. किमान निकषांना उतरली अवघी ८९. त्या निकषांत प्रत्येक रुग्णाची पूर्ण व अचूक नोंद ही एक अट होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात निकाल जाहीर व्हायचा होता, तेव्हा नापास ठरलेल्यांत मोठमोठी नावे आहेत हे पाहून ती यादी आदल्या रात्री हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. कागद जळाला तरी अट राहिली, आणि ती पाळायची तर नोंदी सांभाळणारी माणसे हवीत. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ग्रेस व्हायटिंग मायर्स ही ग्रंथपाल १८९७ पासून हे काम करीत होती. १९२८ साली बॉस्टनमध्येच अशा नोंद-ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली आणि मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आरोग्य-माहिती व्यवस्थापन म्हणून आज जो व्यवसाय ओळखला जातो, त्याची अमेरिकेतील मातृसंस्था तीच. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली धुळीने भरलेली खोली, अशी समजूत आपल्याकडे अजून गेलेली नाही. दुसरीकडे काही जमले नाही म्हणून तिथे आलेला माणूस स्वतःही अनेकदा तसेच समजतो.

कॉडमन १९४० साली कर्करोगानेच वारले. पत्नीच्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली, पण तिथे नावाची शिळा नव्हती. ती २०१४ साली बसविण्यात आली.

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली कर्करोगाचा नोंदणीपट सुरू केला. लोकसंख्येवर आधारलेला भारतातला तो पहिला. डॉ. द. जे. जस्सावाला यांचा त्यामागे पुढाकार होता. महानगरात रुग्णालये पुष्कळ. तिथल्या फायली चाळल्या की रुग्ण सापडतात. खेड्यात मात्र रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, मग त्याची नोंद कुठून व्हावी? १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिला ग्रामीण नोंदणीपट उघडला, तेव्हा हीच अडचण होती. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या तीनशेहून अधिक गावांसाठी मग उलटा मार्ग धरला गेला. फाईल चालत येत नाही, तर नोंद करणाऱ्याने चालत जावे. कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, पारावर, देवळाच्या ओट्यावर बायाबापड्यांना लक्षणे समजावून सांगू लागले, संशय आला तर माणसाला बार्शीच्या रुग्णालयात पाठवू लागले. आणि उपचार संपवून घरी परतलेल्यांच्या दारी काही महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारू लागले, की आता कसे आहे. कधी रुग्ण स्वतःच बाहेर येऊन उत्तर देतो, कधी घरातले दुसरे कुणी देते. दोन्ही उत्तरे वहीत उतरतात.