रात्रपाळीची स्वस्त वीज दिवसपाळीला गेली; अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचं गणित का बिघडलं?

शेलू, वांगणी, नेरळकडची कितीतरी पोरं संध्याकाळच्या लोकलने बदलापूर-अंबरनाथला उतरतात आणि सकाळी घरी परततात. आनंदनगरची एमआयडीसी असो की बदलापूरची, रात्री मशीन चालवण्यामागे मालकाचं एक साधं गणित होतं. उच्चदाब जोडणी असलेल्या कारखान्याला रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची. रात्री महिन्याला 10 हजार युनिट वापरले तर 15 हजार रुपये वाचले. छोट्या कारखान्यात एका हेल्परचा पगार जवळपास त्यातूनच निघायचा.

1 जुलै 2025 पासून लागू झालेल्या दरांत हे गणित उलटं झालं. आता सूट सकाळी 9 ते संध्याकाळी 5. संध्याकाळी 5 ते रात्री 12 जादा आकार. आणि मध्यरात्रीनंतरची ती जुनी सूट गेली.

हे महावितरणच्या मनात आलं म्हणून झालं का? नाही. याचं मूळ आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, कोराडी, भुसावळ, परळी, एकलहरेच्या चिमण्यांखाली आहे.

रात्री वीज स्वस्त का होती ते आधी बघा. कोळशावरचं केंद्र म्हणजे घरचा गॅस नव्हे, की कान पिळला आणि बंद. बॉयलर थंड पडला की तो पुन्हा पेटवायला तेल लागतं, तासन् तास जातात. त्यामुळे रात्री मागणी कमी झाली तरी संच चालूच ठेवावा लागतो. मग ती वीज घेणार कोण? कारखाने. त्यांनी रात्री मशीन चालवावी म्हणून ती सूट होती.

आता हे जुने संच एकेक करून निवृत्त होतायत. कोराडीचे 120 मेगावॉटचे जुने संच गेले आणि तिथे 660 मेगावॉटचे तीन उभे राहिले. परळीचे जुने संच बंद झाले. भुसावळलाही 660 चा नवा संच आला. नाशिकजवळ एकलहरेला 140 मेगावॉटचे दोन संच बंद झाले. तिथले 210 मेगावॉटचे तीन संच 1979 ते 1981 मधले आहेत, आणि त्यांच्या जागी 660 चा एक द्या ही तिथल्या लोकांची मागणी वर्षानुवर्षे तशीच पडून आहे.

पण जुन्याच्या जागी सगळीकडे कोळशाचंच नवं केंद्र येत नाहीये. येतेय ती मुख्यतः सौर वीज, आणि ती दुपारीच असते. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावोगावी सबस्टेशनजवळ प्रकल्प उभे राहतायत. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. म्हणजे दुपारी वीज भरपूर, सूर्य मावळला की ओढाताण. केंद्राच्या 2023 च्या नियमांनीही सांगून टाकलं, की सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर किमान 20 टक्के कमी ठेवा आणि गर्दीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांकडून किमान 20 टक्के जास्त घ्या.

तत्त्व चुकीचं नाही. ज्या शेतकऱ्याला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जावं लागत होतं, त्याला विचारा दिवसाच्या विजेची किंमत.

अडचण कारखान्यांच्या बाजूने आहे, आणि ती सगळ्यांची सारखी नाही. लेथ, पॅकिंग, कटिंगवाला दिवसा काम ओढून घेईल. उल्हासनगरच्या जीन्स शिलाईवाल्याला फार फरक पडणार नाही. पण अंबरनाथ-बदलापूरला केमिकल आणि रंगाचे कारखाने आहेत. रिअॅक्टरमध्ये बॅच एकदा लावली की मध्येच थांबवता येत नाही. प्लॅस्टिक मोल्डिंगचं मशीन थंड करून पुन्हा तापवण्यात माल आणि वेळ दोन्ही जातात. म्हणजे यांना संध्याकाळचा जादा आकार चुकवता येत नाही आणि रात्रीची भरपाईही गेली. मोठा कारखाना खुल्या बाजारातून वीज घेईल, शेडवर पॅनेल टाकेल. भाड्याच्या गाळ्यातला काय करणार? छप्परही त्याचं नाही.

माझ्या मते इथे घाई झाली. केंद्राचे नियम सौर तास आणि गर्दीचे तास यांच्याबद्दल बोलतात; रात्री 12 नंतरच्या वेळेचं काय करायचं हे राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या हातात होतं. जुनी केंद्रं एका दिवसात बंद होत नाहीत, तर सूट तरी एका दमात का काढायची? दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी केली असती तर पाळ्या बदलायला वेळ मिळाला असता.

आणखी एक गोष्ट बिलात दिसत नाही. जुन्या केंद्राचं कर्ज कधीच फिटलेलं असतं. त्याला युनिटमागे कोळसा जास्त लागतो, पण हप्ता नसतो. नव्याला कोळसा कमी, हप्ता मोठा. कोराडीला मंजूर झालेल्या 660 च्या आणखी दोन संचांचा खर्च 10 हजार कोटींच्या वर आहे. आणि पद्धत अशी, की केंद्र तयार असेल तर ते दुपारी सौर विजेमुळे मंद चालवलं तरी त्याचा स्थिर खर्च ग्राहकांवर पडतोच. शेतीपंपाला वीज खर्चापेक्षा कमी दरात मिळते, तो भार उद्योग उचलतात, तेही यात धरा. एक मोठा ग्राहक बाहेर पडला की त्याच्या वाट्याचा भार राहिलेल्यांवर येतो.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस आठवत असेल. रेल्वेने स्वतःच्या गाड्यांसाठी 1929 मध्ये उभारलेलं, कोळशावरचं. 1980 च्या दशकात ते बंद पडलं. जागेवर गॅसचं केंद्र काढायचे बेत झाले, उभं काही राहिलं नाही. गाड्या मात्र थांबल्या नाहीत, वीज दुसरीकडून आली. जुन्याच्या जागी तिथेच नवं येईल असं नसतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

संध्याकाळच्या ओढाताणीवरचं एक उत्तर मात्र आपल्या उशाशीच आहे. कर्जतजवळचं टाटांचं भिवपुरी वीजघर 1922 चं. आंध्रा धरणाचं पाणी घाटावरून खाली आणून तिथे वीज होते. ऑगस्ट 2023 मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला, त्यात भिवपुरीला 1,000 मेगावॉटचा नवा प्रकल्प आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. तो झाला तर गर्दीच्या तासांची महागाई कमी व्हायला हातभार लागेल.

पण भिवपुरीतून सुटलेलं पाणी उल्हास नदीत येतं, आणि तेच पाणी पुढे बदलापूरच्या बॅरेजला, शहाडला, मोहनेला उचललं जातं. उन्हाळ्यात त्यावर लाखो लोकांची तहान आणि एमआयडीसीचे कारखाने दोन्ही चालतात. नवा प्रकल्प झाल्यावर नदीत पाणी किती आणि कोणत्या वेळी सुटणार, हे लेखी मागून घेण्याचं काम नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि दोन्ही नगरपालिकांनी आत्ताच करायला हवं.