गच्चीवरचा डेक आणि आईच्या कुरडया

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या पिढीचं एक ठरलेलं आहे. स्वत:च्या फ्लॅटचा ईएमआय अर्धाही फिटलेला नसतो, पण गावाकडच्या घरासाठी ‘काहीतरी मस्त’ करायचंच असतं! आधी एसी झाला, मग मॉड्युलर किचन. आता नंबर लागलाय डेकचा. गच्चीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, दोन वेताच्या खुर्च्या, पिवळे दिवे... एकदम रिसॉर्ट फील!

माझा एक मित्र हिंजवडीत, त्याचे आई-बाबा खामगावात. त्याने मोबाइलवर बघून कंपोझिट डेकिंग पसंत केलं. रंग? डार्क चॉकलेट. मी म्हटलं, ऑर्डर द्यायच्या आधी फूटभर सॅम्पल मागव आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवर ठेव. त्याने ठेवलं. बाबांनी अनवाणी पाय टेकवला आणि लगेच उचलला. ‘‘पाय पोयते ना रे याच्यावर!’’ चॉकलेट तिथेच वितळलं.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक (बहुतेकदा पॉलिथिलीन) एकत्र तापवून, दाबून केलेली फळी. आपल्याकडे दुकानात ‘डब्ल्यूपीसी’ म्हणून मागायची. अमेरिकेत मोबिल या तेल कंपनीच्या एका विभागातून १९९६ मध्ये ट्रेक्स ही कंपनी निघाली आणि पुढे तिथल्या घराघरांत हे डेक पोचले. फायदे खरे आहेत. वाळवीची धास्ती कमी, दरवर्षी पॉलिश नको, पावसात कुजण्याची भीती नाही. पण हे काही आपल्या उन्हासाठी खास बनवलेलं प्रकरण नाही, बॉस!

त्यात बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग. बुलडाणा शहर, चिखली, मेहकर हे ‘घाटावर’. खामगाव, शेगाव, मलकापूर ‘घाटाखाली’. राजूर घाट उतरलात की हवेतला फरक गाडीची काच खाली न करताही कळतो. घाटाखाली मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि उन्हातली गडद फळी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून पहिला नियम : रंग फिका घ्या. राखाडी, वाळूसारखा, फिका तपकिरी. फोटोत जरा कमी भारी दिसेल, चालेल!

दुसरं, फळीवर प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण आहे का, ते विचारा. याला ‘कॅप्ड’ म्हणतात. आवरण नसलेली फळी स्वस्त पडते, पण रंग लवकर उडतो आणि डाग आत मुरतो. सॅम्पलवर हळद आणि लोणच्याचं तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पुसा. ब्रोशर खोटं बोलेल, हळद नाही.

तिसरं, फटी. कंपोझिट उन्हात लांबीकडून वाढतं. बारा फुटी फळी हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा मेमधल्या दुपारी काही मिलिमीटर लांब भरते. मिस्त्री ‘एकदम फिट्ट बसवून देतो साहेब’ म्हणाला, तर फळ्या फुगून उचलल्याच समजा. कंपनीने सांगितलेली फट सोडायचीच.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्लॅब. सांगाडा बसवायला गच्चीत भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलं, आणि पुढच्या जूनमध्ये खालच्या खोलीत बादली लागली. त्यापेक्षा भोक न पाडता ठेवायचे, उंची कमी-जास्त होणारे पाय मिळतात, ते घ्या. पाणी जायचा उतार आणि पन्हाळ मोकळी ठेवा. खाली हवा खेळली तर फायदाच आहे. स्लॅबवर थेट ऊन पडत नाही, त्यामुळे खालची खोलीही जरा कमी तापते.

आणि सागवान? सातपुड्यात, आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाबरवा अभयारण्यात सागाचं जंगल उभं आहे, त्यामुळे या झाडाचं कौतुक आपल्याला नवं नाही. साग महाग पडतो, तेलपाणी मागतो. पण ओरखडा पडला तर घासून पुन्हा नवा होतो. कंपोझिटचं तसं नाही, खोल ओरखडा कायमचा. तेव्हा कोटेशन मागताना नुसता स्क्वेअर फुटाचा रेट बघू नका. सांगाडा, क्लिपा, मजुरी, जीएसटी, सगळं धरून दोन्हींची तुलना करा.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही. ती गच्ची वापरतं कोण? आपण वर्षातून दोनदा जाणार, दिवाळीला आणि कुणाच्या तरी लग्नाला. उरलेले दिवस तिथे आईच्या कुरडया-पापड वाळतात, उन्हाळ्यात बाबा संध्याकाळी पाणी मारून गादी टाकतात. कुरडयांचा चुरा फळ्यांच्या फटीत गेला की मुंग्यांची पार्टी, आणि फळ्या उचलून झाडणार कोण?

मित्राने शेवटी अर्ध्याच गच्चीवर डेक केला. फिका राखाडी, वर शेड, जिन्यापाशी. उरलेली अर्धी तशीच मोकळी. हे आईंनी सुचवलं, आर्किटेक्टने नाही. तुम्हीही ऑर्डर द्यायच्या आधी घरी एक फोन करा. सरप्राइज थोडं कमी होईल, पण गिफ्ट वापरलं जाईल!